काळ्या शाईची पारख

कल्याण सुभ्याचे दफ्तर ज्या काळी बोरूने आणि काजळीच्या शाईने लिहिले जाई, तो काळ सरला. तथापि ठाणे-डोंबिवलीत आज सुलेखन वा रेखाचित्रण आरंभणाऱ्या प्रत्येकाने शाईच्या गडदपणाहून तिच्या घटकद्रव्यांची चौकशी अगोदर करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. फाउंटन पेनासाठी केलेली रंजकद्रव्याची शाई कितीही तेजस्वी भासली तरी ती बहुधा उन्हाने विटते व पाण्याने पसरते. काजळीची शाई उन्हास दाद देत नाही, परंतु नुसत्या डिंकाने बांधलेली असल्यास ओल्या कुंचल्याखाली पुन्हा विरघळते, आणि लाखेने बांधलेली असल्यास पाण्यास जुमानत नाही, मात्र फाउंटन पेनात सुकून त्याचा मार्ग कायमचा बुजविते. म्हणून ज्या चित्रावर पुढे जलरंग चढवावयाचे, त्यासाठी लाखेची शाई, आणि तीही बुडवून लिहावयाच्या टाकाने वा कुंचल्यानेच वापरावी. समर्थांनी दासबोधाच्या 19व्या दशकाच्या प्रारंभीच लेखनक्रियेचे निरूपण करताना बोरूसमवेत मसीच्या संग्रहाचीही आज्ञा केली, ती उगाच नव्हे. अक्षर टिकावे अशी ज्याची इच्छा, त्याने साधनाची परीक्षा स्वहस्ते, आपल्याच कागदावर घेतली पाहिजे.