टायरची हवा आणि ईश्वरी कृती

टायर फुटून मोटार उलटली आणि त्यात कोणी दगावले, म्हणजे दफनविधीसाठी जमलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : "देवाच्या मनात होते, त्याला कोण काय करणार?" शोकाकुल घराला ह्या शब्दांचा आधार वाटतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हेच म्हणणे एकदा न्यायालयात, आणि तेही एका विमा कंपनीकडून, मांडण्यात आले. ती हकीकत वाचकांनी ऐकण्यासारखी आहे.

२५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईस निघालेल्या एका मोटारीचे मागील चाक फुटले. गाडी दरीत कोसळली आणि आत बसलेले एक गृहस्थ जागीच मरण पावले. मागे पत्नी, लहान मुलगी आणि वृद्ध आईवडील राहिले. २०१६ साली मोटार अपघात न्यायाधिकरणाने त्यांना सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई देवविली. त्यावर कंपनीने अपील केले. टायर फुटणे ही ईश्वरी कृती आहे, त्यात चालकाचा दोष नाही, असा तिचा युक्तिवाद. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डिगे ह्यांनी १७ फेब्रुवारी २०२३ रोजी तो फेटाळला. ज्या भीषण नैसर्गिक घटनेस कोणीही मनुष्य जबाबदार नसतो, तिलाच कायदा ईश्वरी कृती म्हणतो. टायर फुटतो तो अतिवेगाने, हवा कमी किंवा अधिक असल्याने, जुना टायर वापरल्याने, उष्णतेने; आणि प्रवासापूर्वी टायरची स्थिती पाहणे हे चालकाचे काम होय, असा निकालाचा आशय आहे.

आम्हांस हा निकाल कायद्याइतकाच धर्माच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. नवी गाडी घेतली की आपली माणसे ती आशीर्वादासाठी चर्चच्या दारी आणतात, आरशाला जपमाळ अडकवितात. उत्तम आहे. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने सुचविले तेव्हा प्रभूने ते मानले नाही, हेही स्मरणात असावे.

आता हवा कमी असल्याने टायर फुटतो कसा? हवा अधिक झाली तर तो फुटेल हे कोणासही पटते; कमी हवेचे पटत नाही. लोखंडी तार एकाच जागी पुनःपुन्हा वाकवून पाहा, ती तेथे बोटाला चटका बसेल इतकी तापते. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यास तशीच दबते आणि सुटते. निपाणीहून बेळगाव सुमारे पाऊणशे किलोमीटर. गाडी भरलेली, मे महिन्याचे ऊन, वेग शंभराचा. आतल्या आत रबर आणि दोरे सैल होत जातात आणि तवंदी घाटाच्या उतारावर किंवा संकेश्वरच्या पुढे केव्हा तरी आवाज होतो. उसाच्या बैलगाडीला, जिला आपण डनलॉप म्हणतो, हा धोका नाही. तिला वेगच नसतो. (हवेचे टायर प्रचारात आणणारे डनलॉपसाहेब बेलफास्टचे पशुवैद्य होते. मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी ते बनविले आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले.)

हवा किती असावी, हे पंपावरच्या मुलास विचारू नये. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटविलेली असते, काही गाड्यांत ती पेट्रोलच्या झाकणाच्या आत असते. तीवर पुढील व मागील चाकांचे आकडे असतात, आणि बहुधा दोन ओळींत : थोडी माणसे असताना एक, पूर्ण भार असताना दुसरा. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा हा नव्हे. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तितकी हवा भरल्यास गाडी उडत चालते, टायर मधोमध झिजतो आणि ब्रेकची पकड कमी होते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहात आली आहे, असे समजावे.

मोजणी थंड टायरची करावी. गाडी तीन तास उभी असावी, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली असावी. आमच्याकडे मात्र माणसे निम्मी वाट संपल्यावर चहाला थांबतात आणि तेव्हा हवा तपासतात. तापलेल्या टायरात आकडा चार-पाच पौंडांनी चढलेला दिसतो; मग "जास्त झाली" म्हणून हवा सोडतात, आणि गाडी थंड झाली की ती कमी भरते. तापलेल्या टायरची हवा कधीही सोडू नये. सर्वांत बरे म्हणजे स्वतःचे गेज घरी ठेवावे. ते काही शे रुपयांस मिळते, आणि पंपावरच्या गेजचा भरवसा नसतो. पंपावर हवा मात्र फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. टायर धड असला तरी महिन्याकाठी पौंडभर हवा उतरतेच, म्हणून महिन्यातून एकदा तरी पाहावे. नव्या गाड्यांत ह्यासाठी इशाऱ्याचा दिवा असतो, पण हवा बरीच उतरल्यावाचून तो पेटत नाही.

डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला आपली कितीतरी कुटुंबे चोर्ला घाटाने किंवा आंबोलीने जुन्या गोव्यास जातात. पाचांच्या गाडीत सात जण, वर शिदोरी आणि अंथरुणे. अशा वेळी पट्टीवरील दुसऱ्या ओळीचा आकडा पाहून आदल्या संध्याकाळी नव्हे, निघण्याच्या पहाटे हवा बघावी. आणि स्टेपनीचीही बघावी. ती बहुतेक गाड्यांत डिकीच्या तळाशी असते, तेव्हा हे काम सामान चढविण्यापूर्वी करावे.