डिजिटल केबल हवीच, पण ३१ डिसेंबरला नको

३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री देशातल्या सगळ्या ग्रामीण भागातली जुनी, म्हणजे अ‍ॅनालॉग केबल बंद करायची, असा केंद्र सरकारचा आदेश होता. केबल डिजिटल करण्याचा हा चौथा आणि शेवटचा टप्पा. नगरपालिकांच्या हद्दीबाहेरचं सगळं यात येत होतं, म्हणजे कणकवली तालुक्यातलं आमचं तळेरेही येत होतं. ज्या घरात सेट टॉप बॉक्स बसलेला नसेल, त्या घरचा टीव्ही १ जानेवारीला सकाळी नुसत्या मुंग्या दाखवणार होता.

ही मुदत पुढे ढकलावी, असं माझं स्पष्ट मत होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नवीन तंत्रज्ञान लोकांच्या हाती देणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे डिजिटलला विरोध म्हणून हे लिहीत नाही. डिजिटल केबल यायलाच हवी. ती कोणत्या दिवशी यावी आणि कोणाच्या खर्चाने यावी, एवढाच माझा मुद्दा आहे.

आधी मामला काय आहे ते समजून घेऊ. जुन्या पद्धतीत प्रत्येक वाहिनीला तारेतली एक स्वतंत्र जागा लागते. त्यामुळे फार तर शंभरेक वाहिन्या मावतात, आणि टोकाच्या वाडीपर्यंत पोचता पोचता चित्राला पाणी सुटतं. डिजिटलमध्ये तेवढ्याच जागेत दहा-बारा वाहिन्या बसतात आणि चित्र शेवटच्या घरापर्यंत स्वच्छ राहतं. मात्र हे सिग्नल कुलूपबंद असतात. ते कुलूप उघडतो घरातला डबा. प्रत्येक डब्याला क्रमांक असतो आणि तो क्रमांक एका ग्राहकाच्या नावावर नोंदलेला असतो. त्यामुळे केबलवाल्याकडे नेमकी किती घरं आहेत हे सरकारला आणि वाहिन्यांना कळतं. आजवर शंभर घरं असताना वीस दाखवायची, हा व्यवहार सर्रास चालत होता. कर बुडायचा, वाहिन्या जाहिरातींवर तगायच्या आणि ग्राहकाला पावतीसुद्धा मिळायची नाही. नव्या पद्धतीत २०१६ मध्ये ट्रायने ठरवल्याप्रमाणे शंभर विनामूल्य वाहिन्यांचा मूळ संच महिन्याला शंभर रुपये अधिक कर एवढ्यात द्यावा लागत होता, आणि बाकीच्या वाहिन्या आपण निवडायच्या. कागदावर हे सगळं ग्राहकाच्या हिताचंच आहे.

मग अडलं कुठे? अडलंय ते तारखेत.

२०११ च्या नोव्हेंबरमधल्या अधिसूचनेने चार टप्पे ठरवले. पहिल्या टप्प्यात चार महानगरं होती, मुदत ३० जून २०१२. ती जमली नाही म्हणून ३१ ऑक्टोबर झाली. दुसऱ्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिकसह ३८ शहरं मार्च २०१३ पर्यंत धरली. तिसरा टप्पा बाकीच्या शहरांचा, आपल्या जिल्ह्यात मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी यांचा. चौथा टप्पा उरलेल्या सगळ्यांचा, मूळ मुदत डिसेंबर २०१४. पुढे २०१४ मध्ये तिसऱ्या टप्प्याला २०१५ अखेर आणि चौथ्याला २०१६ अखेर अशी मुदतवाढ मिळाली. कारण काय दिलं? देशी कारखान्यांना सेट टॉप बॉक्स बनवायला वेळ मिळावा. तिसऱ्या टप्प्यात तर हैदराबादच्या उच्च न्यायालयासह काही उच्च न्यायालयांनी मुदत आणखी लांबवली. आणि चेन्नई? पहिल्या टप्प्यातलं हे महानगर. पण तिथल्या सरकारी अरसू केबलच्या डिजिटल परवान्याचा वाद २०१६ मध्येही सुटलेला नव्हता, त्यामुळे चार वर्षांनंतरही तिथे अ‍ॅनालॉग चालूच होतं.

म्हणजे मुदत ही काही दगडावरची रेघ नव्हती. महानगरांसाठी ती हलली, कारखान्यांसाठी हलली, कोर्टात जायची ऐपत असणाऱ्यांसाठी हलली. मग रांगेत शेवटी उभा होता तो खेड्यातला माणूस, आणि त्याच्या वेळी ती हलणार नाही म्हणत होते.

आणि ही वेळ तरी कोणती निवडली होती! ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. देशातल्या चलनाचा ८६ टक्के भाग एका रात्रीत गेला. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायलाही मनाई झाली. ज्यांना कोकणातलं गाव ठाऊक आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आंबा-काजूचे पैसे, दूध सोसायटीचे पैसे, म्हातारीची मुदत ठेव, सगळं याच बँकेत. आठवड्याला २४ हजार काढता येतील असं दिल्ली म्हणत होती, पण शाखेत रोकड असेल तर ना! दोन हजारांची नवी नोट हातात आली तरी ती मोडायची कुठे?

अशा महिन्यात घराने हजार-दीड हजार रुपये रोख काढून डब्याला द्यायचे. घरात दोन टीव्ही असतील तर दोन डबे. केबलवाला कार्ड घेत नाही, कारण त्याच्याकडे ते यंत्र नाही. उधारीवर द्यावं तर त्यालाही डबे वरच्या कंपनीकडून पैसे मोजूनच आणावे लागतात. ज्या डिसेंबरमध्ये माणसं किराणा उधार आणत होती, त्या डिसेंबरमध्ये टीव्हीचा डबा घ्या, असं सांगणं हा निव्वळ हिशेबाचा अभाव होता.

जगात इतरांनी काय केलं? अमेरिकेत अँटेनावर दिसणारं अ‍ॅनालॉग प्रसारण १७ फेब्रुवारी २००९ ला बंद व्हायचं होतं. सरकार प्रत्येक घराला डब्यासाठी ४० डॉलरची दोन कुपनं देत होतं. जानेवारीत कुपनांचे पैसे संपले आणि लाखो लोकांची नावं प्रतीक्षा यादीत गेली. तयार नसलेल्या घरांत गरीब, काळे आणि हिस्पॅनिक लोक प्रमाणापेक्षा जास्त होते. संसदेने कायदा करून तारीख १२ जूनवर नेली. गोंधळ वाढेल, अशी टीका तेव्हाही झाली. शेकडो केंद्रांनी जुन्याच तारखेला अ‍ॅनालॉग बंदही केलं. पण ज्यांना वेळ हवा होता त्यांना चार महिने मिळाले आणि त्या काळात कुपनांसाठी पैसेही आले.

जपानचं उदाहरण मला त्याहून आवडतं. तिथे २४ जुलै २०११ ही तारीख ठरली होती. मार्चमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. जपानने सगळ्या देशाची तारीख बदलली नाही. इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांना तेवढी ३१ मार्च २०१२ पर्यंत सवलत दिली. ब्रिटनने तर देशभर एक तारीख ठेवलीच नाही. २००७ मध्ये व्हाइटहेवन या छोट्या गावापासून सुरुवात करून भाग-भाग घेत २०१२ मध्ये काम संपवलं, आणि ७५ वर्षांवरच्या तसंच अपंग लोकांच्या घरी डबा बसवून देण्याची वेगळी योजना चालवली. आमच्याकडची नोटांची टंचाई म्हणजे त्सुनामी नव्हे, हे मलाही कळतं. पण अचानक कोसळलेल्या अडचणीत तारीख पाहायची की माणूस, हा प्रश्न तोच आहे.

आता आक्षेप. पहिला: दोन वर्षं वाढवून दिली होती, तेव्हा काय केलंत? प्रश्न रास्त आहे. पण तो खेड्यातल्या ग्राहकाला का विचारायचा? डबे उशिरा आले ते वरून. डिजिटल सिग्नलसाठी लागणारी यंत्रणा छोट्या केबलवाल्याला परवडत नाही, म्हणून तो मोठ्या कंपनीच्या तारेची वाट बघत बसला. ग्राहकाला तर अर्ज भरायचा असतो हेसुद्धा कोणी घरी येऊन सांगितलेलं नाही.

दुसरा: केबल गेली तर डीटीएच घ्या, दूरदर्शनची फ्री डिश घ्या. फ्री डिश उत्तम सोय आहे. एकदा छत्री बसवली की दरमहा काही भरावं लागत नाही, आणि सह्याद्री वाहिनीही दिसते. पण घरात रोज बघितल्या जाणाऱ्या पैशाच्या वाहिन्या त्यावर नाहीत. शिवाय छत्रीलाही रोख पैसेच लागतात. आणि आमच्या पावसात, जून ते सप्टेंबर, आभाळ दाटलं की छत्रीचा सिग्नल जातो, हे गावातलं पोरसुद्धा सांगेल.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो. आपल्यातली काही बुजुर्ग मंडळी म्हणतील, बरं झालं, शैतानी डबा बंद झाला! त्यांच्याशी मी अदबीने असहमत आहे. आमच्या वाड्यांतून कर्ते पुरुष मुंबईला नाहीतर आखातात. घरी उरतात आई, दादी, सुना आणि शाळेतली मुलं. ज्या दादीला वाचता येत नाही, तिला नोटा कधीपर्यंत बदलून मिळतील हे टीव्हीनेच सांगितलं. वादळाचा इशारा, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या बातम्या, सरकारी योजना, सगळं तिथूनच येतं. नेमक्या त्याच महिन्यात, जेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम दर दोन दिवसांनी बदलत होता, घरातली बातमी बंद करायची?

यात आणखी एक गोष्ट हरवण्याची भीती आहे. गावचा केबलवाला आपल्या एका वाहिनीवर इथल्या गोष्टी दाखवतो. जत्रेतलं दशावतारी नाटक, उरूस, शाळेचं स्नेहसंमेलन. डिजिटलमध्ये सिग्नल दूरच्या शहरात कुलूपबंद होऊन येतो, मधेच आपली वाहिनी घुसवता येत नाही. वरच्या कंपनीने जागा दिली तरच ती टिकेल. ती द्यावी, अशी अट आत्ताच घातली नाही तर नंतर कोणी विचारणार नाही.

मात्र नुसती मुदतवाढ मागणं मला पुरेसं वाटत नाही. २०१४ ची वाढ अशीच मिळाली आणि वाया गेली. आमच्या धंद्यात जुनी प्रणाली बंद करण्याआधी एक आकडा बघतात: तिच्यावर अजून किती लोक आहेत? तो आकडा बघून बंद करायचा दिवस ठरतो. इथेही तसंच व्हावं. माझ्या मागण्या चार होत्या.

एक, मुदत ३१ मे २०१७ पर्यंत वाढवावी. मे महिन्यात चाकरमानी आणि आखातातले लोक सुट्टीवर गावी येतात. पैसे आणि डबा बसवणारे हात, दोन्ही तेव्हा घरात असतात. पावसाळाही लागलेला नसतो. दोन, त्यानंतरही ज्या तालुक्यात दहापैकी नऊ घरांत डबा पोचलेला नाही, तिथे अ‍ॅनालॉग बंद करू नये. तीन, डबा हप्त्याने किंवा भाड्याने घेता येतो, हे केबलवाल्याने मराठीत लिहून दुकानावर लावावं आणि पावती द्यावी. चार, एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीवर चालेल अशी सक्ती करावी. आज केबलवाला बदलला की डबा भंगारात जातो. मोबाइलचं सिम बदलता येतं, मग डब्याने काय घोडं मारलंय?

दोस्तहो, हा विषय मुस्लिमांचा नाही म्हणून तो आपला नाही, असं समजू नका. आपल्या नावाची पाटी असलेल्या प्रश्नांवरच आपण बोलायचं, ही सवय आपल्याला आणि आपल्याबद्दल बोलणाऱ्यांना, दोघांनाही लागली आहे. तळेऱ्यात एकाच खांबावरून जाणारी तार मराठ्याच्या, मुसलमानाच्या आणि बौद्धवाडीतल्या घरात शिरते. ती तुटली तर तिघांची तुटते. मग त्यासाठीचा अर्जही तिघांनी मिळून का करू नये?

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. जुम्म्याच्या नमाजनंतर चार पोरांनी एकत्र बसून आपल्या मोहल्ल्यातली आणि शेजारच्या वाड्यांतली, अशी डबा नसलेल्या घरांची यादी करा. एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं वर लिहा. ज्यांना डबा घेणं शक्य आहे त्यांचे अर्ज मराठीत समजावून भरून द्या, पावती मागायला शिकवा. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीला, एक जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक दिल्लीला माहिती व प्रसारण मंत्रालयाला पाठवा. जिल्हाधिकारी आणि प्रांत हे केबल कायद्याने अधिकार दिलेले अधिकारी आहेत, त्यामुळे हे पत्र त्यांच्याच टेबलावर जायला हवं. मुदत वाढली तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हप्त्याचा आणि स्थानिक वाहिनीचा ठराव मांडा. नाही वाढली, तर १ जानेवारीला कोणत्या घरात आधी जायचं, हे तुमच्या यादीत लिहिलेलं असेल.