पेटी घडविणाऱ्याचे ऋण

गायकांची घराणी आपल्याला तोंडपाठ असतात. हद्दू-हस्सूखां, शंकर पंडित, राजाभैया पूंछवाले ही नावे ग्वाल्हेरच्या संगीतप्रेमी घरातले मूलही सांगेल. पण ज्या पेटीवर बोट ठेवून ते मूल पहिला 'सा' लावते, तिला आजचे रूप कोणी दिले असे विचारले, तर आम्हां संगीतशिक्षकांपैकी तरी कितीजण उत्तर देतील?

त्या गृहस्थाचे नाव द्वारकानाथ घोष. १८४७ ते १९२८ हा त्यांचा जीवनकाल. १८७५ साली त्यांनी कलकत्त्यास वाद्यांचे दुकान थाटले. तेच पुढे 'द्वारकिन' या नावाने प्रसिद्धीस आले. हार्मोनियम मूळची फ्रान्सची. १८४०च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ यांनी ती सिद्ध केली. वादकाने खुर्चीवर बसावे, दोन्ही पायांनी भाता हलवावा आणि दोन्ही हातांनी पट्ट्या दाबाव्या, अशी तिची रचना. अनेक स्वर एकदम वाजविणाऱ्या संगीताला दोन्ही हात लागतातच.

आपला गवई मात्र मांडी घालून जमिनीवर बसतो आणि त्याची चाल एका वेळी एकाच स्वराने पुढे सरकते. तिला एक हात पुरतो. मग दुसरा हात रिकामा का राहावा? हातपेटीचे सारे मर्म या साध्या प्रश्नात आहे. भाता पायांखालून काढून पाठीमागे आणला, तो डाव्या हाताच्या स्वाधीन केला, आणि वाद्याचे पायच उरले नाहीत. १८८४च्या सुमारास झालेल्या या बदलाचे श्रेय वाद्यांचे इतिहासकार द्वारकानाथांस देतात. बैठकीत मांडता येईल आणि काखोटीस मारून नेता येईल, अशी पेटी त्यामुळे घरोघर पोहोचली.

तिचे पुढे काय झाले हे ग्वाल्हेरकरांस सांगावयास नको. येथल्याच राजघराण्याशी नाते असलेल्या भैयासाहेब गणपतराव यांनी या पेटीतून ठुमरी बोलती केली. १९११च्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हेही पेटीचेच उपासक. कीर्तन, भजन, नाटक, मैफल, सर्वत्र ती शिरली.

आक्षेपही तितकेच आले. तिच्यात मींड नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत; सप्तकाच्या बारा पट्ट्या कायमच्या ठरलेल्या. रवींद्रनाथांनाही ती रुचली नाही. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने तिला बंदी केली, आणि १९७१ पासून ती बंदी सैल होत गेली. आक्षेप खोटा नाही. तंबोरा बाजूस सारून केवळ पेटीवर गळा तयार केला, तर कान पट्टीच्या पलीकडचे ऐकेनासा होतो, हे आम्ही वर्गात नित्य पाहतो. पण हा दोष शिकविणाऱ्याचा. जे देण्यास पेटी असमर्थ आहे ते तिच्याकडे मागावे, आणि न मिळाल्यावर तिलाच बोल लावावा, हा कोठला न्याय?

द्वारकानाथांनी नवा स्वर शोधला नाही. आपली माणसे कशी बसतात, कशी गातात, एवढेच त्यांनी निरखून पाहिले आणि परदेशी यंत्राला त्या बैठकीस वाकविले. शोधकाचे काम यापरते काय असते? आणि तो शोध दुकान चालवून लोकांच्या हाती पोहोचविणे, हेही तितकेच मोलाचे नव्हे काय?

म्हणून संगीतसभांच्या चालकांस आमची एक विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत गायकाचे आणि साथीदारांचे नाव छापताच. त्याखाली पेटी जुळवून देणाऱ्या, तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या कारागिराचेही नाव छापावे. एका ओळीचा खर्च तो काय! मात्र त्या ओळीअभावी कारागिराचा मुलगा तो व्यवसाय सोडतो, आणि मग बेसूर पेटीपुढे उत्तम गवईही हतबल होतो.