समुद्राची रोजकीर्द

बेगम बाजारातील पेढीवर गिऱ्हाईक परतल्यावरही एक काम उरते, ते रोजकीर्द लिहिण्याचे. एका दिवसाच्या नोंदीत विशेष काही नसते. वर्षाच्या नोंदी शेजारी मांडल्या म्हणजे पेढी तरते आहे की बुडते आहे, हे कळते. समुद्रकिनाऱ्याचेही असेच आहे. वाळू हळूहळू जाते, म्हणून ती गेल्याचे उशिरा ध्यानात येते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे नाना फडणिसांचे गाव. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडांची पाहणी करीत तेथे पोहोचले, तेव्हा कासवांची अंडी चोरीस जात असल्याचे त्यांना दिसले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीत रात्री किनाऱ्यावर येते आणि वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून परतते. आता पहाटे कासवमित्र तिचा माग काढतात, अंडी कुंपणातील खड्ड्यात हलवतात, तारीख व संख्या लिहितात आणि दीड-दोन महिन्यांनी पिले समुद्रात सोडतात. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांमुळे घरोघरी चार पैसे येऊ लागले आणि अंडी राखण्यातच लाभ आहे, हे गावाला पटले.

तरीही एक अडचण झाकून चालणार नाही. अंडी गावकरी राखतील. वाळू त्यांच्या हाती नाही. वाळूउपसा कोठे होऊ द्यावा, धूपप्रतिबंधक बंधारा कोठे घालावा, हे कचेरीत ठरते. दगडी बंधाऱ्याने मागची वाडी वाचते, पण कासवाची वाट अडते आणि पुष्कळदा शेजारचा किनारा अधिक झिजतो. ठरविणाऱ्यांनी गावकऱ्यांची वही उघडलीच नाही, तर पहाटेचे जागरण निम्मे वाया गेले म्हणायचे.

आपल्याकडे समुद्र नाही, मुसी आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात अफझलगंजच्या दवाखान्यातील चिंचेने दीडशे जीव वाचविले, असे सांगतात. त्यानंतर उस्मानसागर व हिमायतसागर झाले. धरणे बांधणे सरकारचे काम खरे; पण कोणता नाला बुजतो, नदीकाठी कोठे भराव पडतो, हे टिपून ठेवायला मोठी विद्या लागत नाही. जेथे पैशाचा हिशेब इतक्या निगुतीने ठेवला जातो, त्या बाजारात पाण्याच्या हिशेबासाठीही एक वही निघावी.