माईक कुणाच्या हाती?

रेडिओचे दिवस भरले, असं सांगणारे हमखास नॉर्वेचा दाखला देतात. २०१७ साली तिथल्या राष्ट्रीय वाहिन्यांनी एफएम सोडलं, हे खरं. पण त्या बंद पडल्या नाहीत, डिजिटल प्रक्षेपणावर गेल्या. बहुतेक छोट्या स्थानिक केंद्रांना तर एफएमवर राहायची मुभा मिळाली. हा दाखला रेडिओच्या मरणाचा नव्हेच.

दुसरा आक्षेप असा की, रेडिओ एकतर्फी, संवाद आला तो मोबाइलमुळे. मग झुमरी तलैयाचं काय? तेव्हाच्या बिहारमधलं, अभ्रकाच्या खाणींचं हे गाव रेडिओ सिलोन आणि विविध भारतीला इतक्या फर्माइशी पाठवायचं, की त्याचं नाव देशभर झालं. पोस्टकार्डावर गाणं एक आणि खाली घरादाराची, मित्रमंडळींची नावं, कोपऱ्यापर्यंत दाटीवाटीने लिहिलेली. मराठी घरांतही ‘आपली आवड’ लागली की भाकरी थापणारा हात क्षणभर थबकायचा. आपलं नाव येतंय का?

तरी आक्षेपातला एक भाग मान्य करायलाच हवा. नाव वाचलं गेलं म्हणून कार्यक्रम ठरवण्यात वाटा मिळत नाही. आज व्हॉट्सअॅपवर आलेले निरोप वाचून दाखवणारी केंद्रंही पोस्टकार्डाच्या पुढे गेलेली नाहीत. ऐकणाऱ्याला बोलतंही करा, असं जर्मन नाटककार ब्रेख्तने १९३२ सालीच रेडिओला सांगितलं होतं.

ते प्रत्यक्षात आलं ते छोट्या केंद्रांत. २००८ साली तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचा संगम रेडिओ सुरू झाला, त्याच वर्षी साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी. अशा सामुदायिक केंद्रांचा टप्पा काही किलोमीटरचा. टीकाकार त्यालाच नावं ठेवतात. पण तेवढ्या टापूत बोलणारी आणि ऐकणारी एकाच आठवडी बाजाराला जातात, एकाच पावसाची वाट बघतात. अर्धे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांना घेऊन करायचे, असा या केंद्रांना नियमच आहे.

अडतं ते बातमीपाशी. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तरीही खासगी एफएम आणि सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत; आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. पीकपाणी, हवामान, आरोग्य यांवर बोलायला हरकत नाही. पण ग्रामसभेत एखाद्या बाईने निधीचा हिशेब मागितला आणि तो मिळाला नाही, तर त्याची बातमी तिच्याच गावच्या रेडिओला देता येत नाही. ही बंदी आधी उठवा.