चोवीस तासांची बाई झोपते कधी?

घरातल्या ज्येष्ठांना पक्षाघात झाला की डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, चोवीस तासांची बाई कुठे मिळेल?" ती झोपणार कुठे, तिला सुट्टी कधी, हे सहसा कोणी विचारत नाही. आज त्यावरच बोलायचं आहे. कडवट लागेल, पण औषधही कडूच असतं.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. हे मी सांगतो, तुम्ही मान डोलावता आणि काम मावशींकडे जातं. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. मध्ये डायपर, मध्ये पाणी. दुपारी आजींचा डोळा लागला की "मावशी, तेवढी मेथी निवडता का?" प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. मावशींचं शरीर याला अपवाद असल्याचं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

रुग्णालयात हेच काम तीन पाळ्यांत चालतं. घरी तिन्ही पाळ्यांना एकच बाई! मग इन्सुलिनचा डोस चुकतो. नाकातल्या नळीतून आडवं ठेवूनच भरवलं जातं, अन्न फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. आणि ठपका येतो 'निष्काळजी बाई' असा. भरवताना डोकं ३० ते ४५ अंश वर हवं आणि नंतरही निदान अर्धा तास तसंच, हे तिला कोणी करून दाखवलं होतं का? झोप न झालेल्या माणसाच्या हातून चुका होतात. रेसिडेन्सी केलेल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

"आम्ही तिला घरच्यासारखंच वागवतो," हे वाक्य मी फार ऐकतो. घरच्या माणसाचा कप वेगळा असतो का? आजींचा बीपी मोजून झाला की मी मावशींच्याही दंडाला पट्टा बांधतो. अनेकदा त्यांचाच जास्त निघतो.

इन्सुलिन देणाऱ्या बाईला हिपॅटायटिस बी ची लस द्या. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, खर्च तुमचा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला लावू नका, जाड प्लॅस्टिकचा डबा ठेवा. रुग्णाला एकटीने उचलायला सांगू नका. खाली चादर घालून दोघांनी सरकवलं तर दोघांच्याही कमरा वाचतात.

सुट्टीचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या घरकामगार करारात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. मावशींची तिथे नोंदणी झाली आहे का, हे बहुतेक घरांना माहीतच नसतं.

दुसरी बाई परवडत नाही, हे अनेकांच्या बाबतीत खरं आहे. मग रात्रीच्या दोन पाळ्या घरच्यांनी घ्या, आणि घरचे म्हणजे फक्त सून असं धरू नका. मुलाच्या मोबाइललाही गजर असतो. हवेची गादी घेतली असेल, तर रात्री वळवण्यातलं अंतर वाढवता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि पुढच्या तपासणीला मावशींचाही केसपेपर काढा.