शब्द सापडला, पण अर्थ?



आपल्या वर्गात इंग्रजीच्या तासाला अक्षरांवरून शब्द शोधण्याचा खेळ होतो. बाई फळ्यावर दोन अक्षरे लिहितात. समजा, ओ आणि आय. ही दोन अक्षरे शेजारी शेजारी आली आहेत असे शब्द पाच मिनिटांत पाटीवर लिहायचे. जितके शब्द तितके गुण. खेळ मजेचा आहे. तो बंद करा असे मी म्हणत नाही. पण त्याचा एक नियम बदलावा असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शब्दाचा अर्थ सांगता येत नाही, त्या शब्दाला गुण देऊ नये.

आता का, ते सांगतो.

ओ आणि आय घेतले की ऑइल, सॉइल, बॉइल, कॉइन, जॉइन, पॉइंट, व्हॉइस असे शब्द भराभर निघतात. त्यांतच एक शब्द निघतो पॉइझन. पी-ओ-आय-एस-ओ-एन. स्पेलिंग बरोबर आले की एक गुण मिळतो आणि सगळे पुढच्या शब्दाकडे पळतात. पण पॉइझन म्हणजे विष! हा शब्द फक्त फळ्यावरचा नाही. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर तो छापलेला असतो. कॉइनचा अर्थ नाही आला तर फार बिघडणार नाही. पॉइझनचा नाही आला तर जिवाशी गाठ आहे.

त्या डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असते. तिच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहायचा. तांबडा असेल तर औषध सर्वांत जहाल. त्याच्या खालोखाल पिवळा. मग निळा आणि शेवटी हिरवा. तांबड्या आणि पिवळ्या खुणेच्या वरच्या भागात पॉइझन असे लिहिलेले असते. निळ्या खुणेवर डेंजर म्हणजे धोका आणि हिरव्या खुणेवर कॉशन म्हणजे सावधान. हिरवा रंग दिसला म्हणून ते औषध निर्धोक आहे असे कोणी समजू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. त्यात काहींचा जीवही गेला. त्याची कारणे अनेक होती. नुसते शब्द वाचता आले असते म्हणजे सगळे टळले असते असे मी म्हणणार नाही. पण घरात डब्यावरचे तीन शब्द अर्थासकट वाचणारे एक जरी मूल असले, तरी ते मोठ्या माणसांना सांगू शकते, “हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, अन् डबा आमच्या हाताला लागंल असा ठेवू नका.”

दुसरे कारण असे, की इंग्रजीत अर्थ कळल्याशिवाय अक्षरेही नीट कळत नाहीत. के आणि एन ही जोडी घ्या. नाइफ म्हणजे सुरी, नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, नो म्हणजे माहीत असणे. या सगळ्यांत पहिले अक्षर के आहे, पण त्याचा आवाजच येत नाही! आपल्याला वाटते, मग ते ठेवले तरी कशाला? पूर्वी इंग्रज लोक हा के खरोखर उच्चारत असत. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन यांनी इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. पुढे छापील पुस्तके वाढली आणि हळूहळू स्पेलिंग पक्के होत गेले. बोलण्यातला के नंतर गळून पडला, पण छापलेला के तसाच राहिला.

आता गंमत पाहा. नुसते एन-ओ म्हणजे नाही. आधी के आणि शेवटी डब्ल्यू लावला, के-एन-ओ-डब्ल्यू, की अर्थ झाला माहीत असणे. ऐकायला दोन्ही सारखेच. के लावलेला नॉट म्हणजे गाठ आणि बिनकेचा नॉट म्हणजे नकार. कोणते स्पेलिंग कुठे लिहायचे हे कानाला विचारून कळत नाही, अर्थालाच विचारावे लागते. म्हणून जो फक्त घोकंपट्टी करतो, त्याची परीक्षेत हटकून गफलत होते.

तिसरे कारण. अर्थ शोधायला गेले की कधी कधी शब्द आपल्याच घरचा निघतो. जोड ओचे शब्द काढा. बुक, स्कूल, मून हे तर सगळ्यांना येतात. पण मंगूज हाही जोड ओचाच शब्द आहे. मंगूज म्हणजे मुंगूस, आणि इंग्रजांनी हा शब्द मराठीतूनच उचलला! लूट हा शब्द तर त्यांनी हिंदीतून तसाच नेला. शाम्पूसुद्धा हिंदीतल्या चांपना, म्हणजे दाबणे, चोळणे, यावरून झालेला आहे. म्हणजे आपण इंग्रजीला भितो, आणि इंग्रजी आपल्याच बांधावरच्या मुंगसाला घेऊन बसली आहे. ज्याला अर्थ कळला त्याची भीती निम्मी कमी झाली.

काही मित्र म्हणतात, “अर्थ सांगत बसलो तर खेळ रेंगाळेल. पाच मिनिटांत वीस शब्द होतात, ते पाचच होतील.” होऊ देत की! आठवड्याला पाच शब्द पक्के झाले तर तीस आठवड्यांत दीडशे होतात. थेंबे थेंबे तळे साचे. उलट वीस लिहिले आणि संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस विसरले, तर ते पालथ्या घड्यावर पाणी.

आणखी एक गोष्ट आहे. ज्याच्या घरी गाइड असते तो त्यातली यादी पाठ करून येतो आणि पहिला येतो. ज्याच्या घरी गाइड नाही तो मागच्या ओळीत खाली मान घालून बसतो. अर्थाला गुण दिले तर मागे बसणारालाही संधी मिळेल. सॉइल म्हणजे माती एवढेच गाइडात असते. पण काळी कसदार माती कोणती, मुरमाड कोणती, चोपण कोणती, हे रोज शेतात जाणारे मूल जास्त चांगले सांगेल. त्याला स्पेलिंग दुसऱ्याने द्यावे आणि अर्थ त्याने द्यावा. दोघांना अर्धा अर्धा गुण. मग खेळ सगळ्या वर्गाचा होईल.

पालकांनाही मला एक विनंती करायची आहे. २००० सालापासून मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तुम्ही म्हणता, “आम्हांला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?” पण या खेळातला अर्थाचा भाग तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त येतो. बियाण्याच्या पिशवीवर सीड हा शब्द असतो. त्यात जोड ई आहे. गोळ्यांच्या पाकिटावर एक्स्पायरी असते. त्यात ई आणि एक्स आहेत. एक्स्पायरी म्हणजे औषधाची मुदत कधी संपते ते. अशी रिकामी पिशवी, साबणाचा कागद आमच्यापुढे ठेवा आणि विचारा, “वाच बरं, याचा अर्थ काय?” आम्हांला नाही आला तर आम्ही शाळेतल्या शब्दकोशात पाहून दुसऱ्या दिवशी सांगू. फवारणीचा डबा मात्र मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. त्यावरचे शब्द आम्ही फळ्यावरच शिकू.

तेव्हा बाईंना आणि सर्व वर्गाला माझी सूचना अशी आहे. पुढच्या शनिवारपासून खेळ तोच ठेवावा, अक्षरेही तशीच द्यावीत. फक्त शब्दापुढे एक रेघ ओढून तिथे अर्थ लिहावा, मग तो मराठीत असो, नाहीतर आपल्या गावच्या बोलीत. पहिली-दुसरीच्या लहान मुलांनी हाताने खूण करून किंवा चित्र काढून दाखवला तरी चालेल. रेघ मोकळी राहिली तर शब्दाला शून्य.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपले मत लिहून पुढच्या भित्तिपत्रकासाठी द्यावे. मी ते जरूर वाचीन.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी